थांब, गिऱ्हाईक आलंय

"हाऊ डू यू प्रायोरिटाइज युवर पेशंट्स?"

प्रश्न माझ्या आईने विचारला होता. शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेली गजराबाई कासारीण, मिरजेच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात जमिनीवर फतकल मारून बसली होती. समोर बांगड्यांचा पसारा, मांडीवर दोरीत ओवलेल्या हिरव्या बांगड्यांची माळ आणि नाकावर माझा जुना चष्मा. चष्म्याशिवाय साहेब कसला, असं तिचं म्हणणं. त्यातून तिला काही दिसत नव्हतं, त्यामुळे ती मान वर करून चष्म्याखालून माझ्याकडे बघत होती.

मी चपात्या लाटत होते. म्हटलं, आई, मला जरा श्वास तर घेऊ दे.

"साहेब थांबत न्हाई उज्जे. सांग, हाऊ डू यू..."

बाजारात "बांगड्या भरा होऽऽ" म्हणून जी हाळी ती द्यायची, त्याच चालीवर हा इंग्रजी प्रश्न. शेवटचं 'पेशंट्स' असं लांबवायची, की शेजारच्या जैतुनचाचीच्या गिरणीपर्यंत ऐकू जावं. एका शब्दाचा अर्थ सोडला तर त्या वाक्यातलं तिला काही कळत नव्हतं. तो एक शब्द मात्र तिने घासून पुसून पक्का केला होता.

त्याला कारण होतं. मी तेव्हा मिरजेतल्या एका हॉस्पिटलात नर्स होते आणि मला परदेशात जायचं होतं. हौस म्हणून नाही. वडील मी लहान असतानाच गेले. त्यानंतर आई डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन आठवड्याचे बाजार करायची. मालगाव, आरग, कवठे, जिथे बाजार तिथे ती. बाजार नसेल त्या दिवशी जैतुनचाचीच्या गिरणीच्या कट्ट्यावर. तिच्या पायांवर मी शिकले. ती पेटी तिच्या डोक्यावरून उतरवायची तर इथल्या पगारात ते होण्यासारखं नव्हतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा तिलाच जास्त घाई होती. कासारणीची पोरगी इमानात बसलेली मला बघायची हाय, असं ती ओळखीच्या नसलेल्या गिऱ्हाइकांनासुद्धा सांगायची.

पहिल्या मुलाखतीत मी याच शब्दावर आपटले होते. पॅनेलवरच्या बाईंनी विचारलं आणि मला प्रायोरिटाइज म्हणजे काय तेच आठवेना. वॉर्डात मी ते काम रोज करत होते, पण त्याला इंग्रजीत असं म्हणतात हे डोक्यातच आलं नाही. मी नुसती मान हलवली आणि 'येस मॅडम' म्हणाले. त्यांच्या शेजारी बसलेल्या दोन गोऱ्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं, गोड हसून आभार मानले आणि दार दाखवलं. घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून रडले.

आईने तेव्हा समजूत वगैरे काढली नाही. तो तिचा स्वभावच नव्हता. कुठल्या शब्दाने मारलं ते सांग, एवढंच म्हणाली. मी सांगितलं, कुणाकडे आधी बघायचं आणि कुणाला थांबवायचं हे ठरवणं, असा त्याचा अर्थ. ऐकून तिला माझा रागच आला. एवढ्याशा गोष्टीसाठी तू विमान सोडलंस? हे तर मी रोज करते. बाजारात घोळक्याने बायका बसतात, त्यातली जी जास्त आरडते तिला आधी बांगड्या भरायच्या, म्हणजे गलका कमी होतो.

"दवाखान्यात उलटं असतं," मी म्हटलं. "जो आरडतो त्याचा श्वास चालू असतो. तो थांबू शकतो. जो गप्प पडलाय, त्याच्याकडे आधी धावायचं."

आई माळ ओवता ओवता थांबली. मग म्हणाली, आरडणाऱ्यावर हा अन्याय झाला. मी म्हटलं, होऊ दे. तिने पुन्हा विचार केला.

"आणि एखादी लबाड असली तर? आतनं जीव चाललाय, पण वरनं बडबड करतीया?"

"दुखत असताना लबाडी कोण करतं गं?"

"ते बी खरंच," म्हणाली आणि परत ओवायला लागली.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आमच्या घरात मुलाखत होऊ लागली. आई साहेब, मी उमेदवार. मी इंग्रजीत उत्तर द्यायची, ते तिला कळायचं नाही, पण अडखळले की बरोबर कळायचं. परत, म्हणायची. चपाती करपली तरी परत.

दुसऱ्या मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा तिचे पाय सुजायला लागले होते. पेटी घेऊन चौकापर्यंत गेली की धाप लागायची. मी काही आंधळी नव्हते. तिला ओढत आमच्याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हृदयाचं दुखणं आहे म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, मीठ तोडलं, बाजार बंद केले आणि गुरुवारी एक तपासणी करायला बोलावलं. मुलाखत सोमवारी, पुण्यात.

मी जात नाही म्हटलं. मग काय विचारता! तिने जेवण सोडलं, तोंड फिरवून बसली. गोळ्यांनी सूज उतरली होती, ती मला परत परत पाय दाखवत होती, बघ, बघ म्हणून. डॉक्टरही म्हणाले, गुरुवारपर्यंत तशी काळजी नाही, जाऊन या. शेवटी मी एका अटीवर कबूल झाले. सोमवारी सकाळी आत जाण्याआधी मी जैतुनचाचीच्या गिरणीत फोन करणार. तू स्वतः फोनवर यायचं. तुझ्या आवाजावरून मला कळेल. जरा जरी धाप ऐकू आली, जरा जरी गप्प वाटलीस, तर मी तिथूनच माघारी फिरणार, मग मुलाखत गेली खड्ड्यात.

"गप्प वाटले तर," आई म्हणाली.

"हो."

"बरं."

रविवारी सकाळी निघताना तिने मला समोर बसवलं. मुलाखतीला बांगड्या चालत नाहीत, नर्सच्या हातात तर नाहीतच, हे मी तिला सतरांदा सांगितलं होतं. एकच घाल, म्हणाली. पुण्यात उतरलीस की काढ. मी हात पुढे केला. बांगडी भरताना तिची एक रीत होती. हाताची हाडं ती अशी दाबून धरायची की डोळ्यांत पाणी यावं, पण त्याच वेळी तोंडाची टकळी चालू. सासू कशी आहे, काल काय शिजवलं, तुझ्या नवऱ्याचं नाक असं कसं. गिऱ्हाईक हसायला लागलं की हात सैल पडायचा आणि बांगडी सरकायची. दुखतं कधी ते बाईला कळायचंही नाही. माझ्याशी ती आमच्या डॉक्टरांच्या टकलावरून काहीतरी बोलली. मी हसले आणि बघते तो हिरवी बांगडी मनगटात.

तेवढ्यात रिक्षा आली. मी पाया पडले. ती उंबऱ्यात बसूनच राहिली, उठली नाही. तेव्हा मला वाटलं, रुसली असेल.

सोमवारी सकाळी मुलाखतीच्या इमारतीखालच्या टपरीवरून मी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"कोन? उज्जी? आगं किती वाट बघायची! झोपलीवतीस का काय?"

तोच आवाज. खणखणीत. माझा जीव भांड्यात पडला. मी विचारलं, कशी आहेस, गोळी घेतलीस का, रात्री झोप लागली का. तिने मला एकाही प्रश्नाचं उत्तर धड दिलं नाही. उलट तिनेच मला झापायला सुरुवात केली. काय खाल्लंस, केसाला तेल लावून गेलीस की झिपऱ्या सोडून, साहेबापुढे नखं खाऊ नकोस. मध्येच म्हणाली, "थांब, गिऱ्हाईक आलंय," आणि फोनमधून बांगड्यांचा खळखळाट ऐकू आला. चांगला बराच वेळ. मग परत आली आणि कुठल्यातरी बाईची तक्रार सुरू केली. बाई डझनाच्या भावात वर दोन जास्तीच्या मागते, तिला म्हटलं तुझ्या नवऱ्याचं घर आहे का हे. मी हसले. परत "थांब गं जरा," परत खळखळाट.

मी चिडले. आई, बाजार बंद सांगितलाय ना डॉक्टरांनी?

"बसल्या जागी भरतीया. आता गप, आन् सांग. हाऊ डू यू प्रायोरिटाइज युवर पेशंट्स?"

शेवट तसाच लांबवला. मी टपरीवर उभं राहून, चहा पिणाऱ्या लोकांसमोर, अख्खं उत्तर इंग्रजीत म्हणून दाखवलं. आधी श्वास, मग नाडी, आणि जो गप्प आहे त्याच्याकडे पहिल्यांदा. ती ऐकत होती. मागे बांगड्या हलत होत्या.

"पास," आई म्हणाली. "जा आता. पळ."

आणि फोन ठेवला. मी ठेवायच्या आधी तिने ठेवला, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. एरवी फोनवर तिचं गुऱ्हाळ संपायचं नाही.

वर मला तोच प्रश्न विचारला. जवळजवळ त्याच शब्दांत. मी उत्तर देताना कुठेही अडखळले नाही. पॅनेलवरच्या बाई पुढे वाकून ऐकत होत्या. गप्प असणाऱ्याकडे आधी का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं की आरडायलाही ताकद लागते. त्यांनी ते लिहून घेतलं. दुपारच्या आत निकाल सांगितला. माझी निवड झाली होती.

मी धावत टपरीवर आले आणि गिरणीत फोन लावला. रिंग वाजत राहिली. कुणी उचलला नाही. परत लावला, तेच. मग आठवलं, आज सोमवार. आमच्या भागात सोमवारी दिवसभर वीज नसायची, गिरणी बंद. सकाळी फोनापुरती उघडून चाची कुठे नातेवाइकांकडे गेली असेल. म्हटलं, असू दे, घरी जाऊन समोरच सांगू. स्टँडवर जाऊन आईसाठी आंबा बर्फी घेतली आणि सांगलीची एस.टी. पकडली.

खिडकीशी बसून मी काय काय ठरवत होते! पहिला पगार आला की पेटी विकायची. विकायची नाही, माळ्यावर टाकायची. आई विकू द्यायची नाही. गुरुवारी तपासणी होऊ दे, मग औषधं नीट चालू होतील. मी जायच्या आधी चाचीच्या सुनेला सगळं समजावून सांगायचं. सातारा गेलं. कऱ्हाडच्या स्टँडवर गाडी थांबली, कंडक्टर चहाला उतरला. शेजारची बाई म्हणाली, बांगडी छान आहे हो तुमची, कुठे भरली? मी मनगटाकडे बघितलं. काढायची राहूनच गेली होती. मी सांगायला लागले की माझी आईच कासारीण, शेजारच्या गिरणीच्या कट्ट्यावर बसते, दळण घेऊन येणाऱ्या बायका...

आणि मी तिथेच थांबले.

सोमवारी गिरणी बंद. दळणाला कुणी येत नाही. मग गिऱ्हाईक कुठून आलं?

मी खिडकीची दांडी धरली. स्वतःला समजावत राहिले. वाटेने जाणारी कुणी बाई बसली असेल. गल्लीतली कुणी आली असेल. पण बांगड्यांचा तो आवाज मला ओळखीचा होता आणि आता तो कानातून जाईना. हातात भरताना बांगडी अशी वाजत नाही. एक एक वाजते, किण किण, मध्ये थांबून. मी ऐकला होता तो अख्खी माळ हलवल्याचा आवाज होता. नुसती, रिकामी हलवल्याचा.

कऱ्हाडपासून मिरजेपर्यंतचा रस्ता मी कसा काढला ते मला सांगता येणार नाही. शेजारची बाई काय झालं काय झालं विचारत होती. मी बर्फीचा पुडा मांडीवर धरून बसले होते.

गल्लीच्या तोंडाशीच मला कळलं. आमच्या दारासमोर चपला होत्या. एवढ्या चपला आमच्या दारात कधी आल्या नव्हत्या. जैतुनचाची पायरीवर बसली होती. मला बघून ती उठली, पण पुढे आली नाही. मी आत गेले. आईला भिंतीशी निजवलं होतं. तोंड मिटलेलं होतं. तिला एवढी गप्प मी कधी बघितली नव्हती.

मग केव्हातरी चाचीने सांगितलं. मीच विचारलं, सगळं सांग, काही गाळू नकोस.

रविवारी मी गेल्यावरच तिचा श्वास वाढला होता. रात्री तिला आडवं होता येईना, ट्रंकेला टेकून बसून राहिली. उजाडल्यावर चाची आली, बघितलं आणि रिक्षा आणायला निघाली. आईने तिचा पदर धरला. आधी फोन येणार आहे, म्हणाली, त्यानंतर जाऊ. चाचीने शिव्या घातल्या, हातापाया पडली. आई हलेना. उलट म्हणाली, मला गिरणीत नेऊन बसव. चाची आणि तिची सून दोघींनी उचलून नेली. आणि वर म्हणाली, बांगड्यांची माळ घे संगती.

"मैंने पुछा, ही कशाला गं आता? म्हणाली, लागंल," चाची म्हणाली. "बेटा, दोन वाक्यं बोलली की तिचा दम संपायचा. मग गिऱ्हाईक आलंय म्हणायची, माळ माझ्या हातात द्यायची आणि खुणेनं सांगायची, हलव. मी हलवत बसायची. ती तिकडे तोंड करून श्वास घ्यायची. मासोळीसारखा. मग परत फोन घ्यायची आणि तुला शिव्या द्यायची."

चाची रडत होती.

"शेवटी तू इंग्रजी बोलत होतीस ना, तेव्हा मी म्हटलं, गजरा, सांग तिला, येऊ दे तिला, अजून वेळ गेली नाही. तर रिसिव्हरवर हात ठेवून मला म्हणाली, माझी पोरगी म्हणती, जी बोलतीया ती थांबू शकती. मी बोलतीया न्हवं? मग थांबते."

फोन ठेवल्यावर ती रिक्षात बसायला लगेच तयार झाली. आता चल, म्हणाली. हॉस्पिटलच्या फाटकापाशीच तिने जीव सोडला.

मला तिचा राग आला. लोक रडत होते आणि मला नुसता संताप येत होता. मीच शिकवलेला धडा तिने माझ्यावरच वापरला. मी आजाऱ्यांचे आवाज ऐकण्यावर पोट भरते, आणि माझ्याच आईने मला बोलण्यात गुंतवून, हसवून, हात सैल पडल्यावर बांगडी सरकवली. मला दुखलंसुद्धा नाही. तो राग अजून गेलेला नाही. सकाळीच कुणी तिला नेलं असतं तर ती वाचली असती का? नर्स म्हणून मला माहीत आहे की सांगता येत नाही. आणि हे सांगता येत नाही, हेच मला आजतागायत सोसत नाही.

निवडीचं पत्र आलं तेव्हा मी ते चाचीसमोर फाडायला घेतलं. नकोय मला, म्हटलं. कुणासाठी जाऊ आता? कुणाच्या डोक्यावरची पेटी उतरवायची आहे?

चाचीने माझ्या हातातून कागद काढून घेतला. तिला वाचता येत नव्हतं. तिने तो गुडघ्यावर ठेवून हाताने सरळ केला.

"नाही गेलीस तर ती उगाच बोलली," म्हणाली.

मी गेले. विमानात बसले तेव्हा मनगटात ती एक हिरवी बांगडी होती. ती मी उतरल्यावर काढली, साबण लावून, हळू. इथे वॉर्डात बांगडी चालत नाही.

आता नव्या मुलींना शिकवायचं काम माझ्याकडे आहे. केरळच्या असतात, फिलिपिन्सच्या असतात, कधीकधी एखादी आपल्याकडची. मी त्यांना तोच प्रश्न विचारते आणि तेच उत्तर शिकवते. जो गप्प आहे त्याच्याकडे आधी जा. ते खरंच आहे, त्याने माणसं वाचतात, मी वाचताना बघितली आहेत. मुली लिहून घेतात आणि गप्प पडलेल्यांकडे जातात.

मी दुसरीकडे जाते. प्रत्येक वॉर्डात एखादी म्हातारी असतेच, जी आल्यापासून बडबडत असते. नर्सांची थट्टा करते, मला काही झालेलं नाही म्हणते, लेकीला फोनवर ओरडून सांगते, तू कामावर जा, मी मजेत आहे. मी तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसते आणि तिचा हात हातात घेते. नाडीवर बोटं ठेवते. ती बोलत असते. मी मान डोलावते, हसते, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत हात सोडत नाही.